ज्याचं वजन कमी

सोमवार, ३ फेब्रुवारी

पोचलो एकदाचा. दोन बॅगा, एक उशी आणि ही वही. वही बायकोने दिली आहे. तिचं म्हणणं असं की माझ्या जिभेला हाड नाही, तिच्यापायी तीन नोकऱ्या गेल्या, तेव्हा आता जे तोंडावर येईल ते आधी वहीत लिहायचं आणि लिहून उरलं तरच बोलायचं. बघू किती दिवस जमतं.

जागा झकास आहे. पूर्वी इथे शिवणयंत्रं दुरुस्त करत असत, भिंतींना अजून तेलाचा वास येतो. खाली कामाची खोली, तिच्या मागे काचेपलीकडे एक मोठं दालन, आणि चहापुरती मोरी. वर दोन खोल्या, सध्या कुलूपबंद. महिनाभर माझं काम बघणार, पसंत पडलं तर त्या खोल्या मला. मग बायको आणि आमची पोर टिचकी इकडे येतील. दीड वर्ष झालं, आम्ही तिघं एका छपराखाली राहिलेलो नाही. या वेळी मी माती खाणार नाही, हे इथे पहिल्याच पानावर लिहून ठेवतो.

इथे माणसं दोनच. मालकीणबाई पन्नाशीच्या, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आवाज इतका मऊ की रागावल्या तरी कळणार नाही. सगळ्यांना बाळा म्हणतात, मलासुद्धा. मी छत्तीसचा बाळ. दुसरी इलेक्ट्रॉनिक्सवाली. ती स्वतःच म्हणाली की तिला सगळे काडी म्हणतात, मी वेगळा विचार करायची गरज नाही. सोल्डरिंग करताना दातांत एक टाचणी धरते आणि तशीच बोलते. बोलते म्हणजे टोचते. जोडी जमणार.

टिचकीचा फोन झाला. तिचा फोनवरचा खेळ म्हणजे लपाछपी. ती तिकडे लपते आणि मी इकडून ओळखायचं. पलंगाखाली, म्हटलं, तर किंचाळली की बाबा, सापडलास! सापडली ती, मी नाही, हे शंभरदा सांगून झालंय. साडेचार वर्षांची आहे, पण हट्टाला वय नसतं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज दालन पाहिलं. जमिनीला मोठ्या फरश्या, प्रत्येक फरशीखाली वजनाचा सेन्सर. कोपऱ्यांत काडेपेटीएवढ्या चार डब्या, त्या कोण कुठे आहे आणि कसं चालतंय ते टिपतात. छताला दिवे, भिंतींवर पडदे, एक दार, आणि एक अख्खी भिंत रुळांवर. बटण दाबलं की ती सरकत आत येते. जमिनीवर तीन खुणा रंगवल्या आहेत: मोठी, मधली, लहान.

कल्पना सोपी आहे. तीच वेबसाइट मोठ्या पडद्यावर ऐसपैस पसरते आणि मोबाइलवर अंग चोरून बसते, न मावणाऱ्या गोष्टी आपोआप लपतात. तसंच खोलीचं. जागा जेवढी असेल तेवढ्यात आतल्या माणसांसाठी दिवे, पडदे, पंखे स्वतःहून मांडून घेणारी खोली. मोठ्या खुणेवर ती चौघांना सांभाळते, मधल्यावर तिघांना, लहानवर दोघांना. हे अजून कच्चं आहे, प्रयोगच. बाई मांडतात, काडी जोडते, आणि कधी काय करायचं ते ओळीओळीने यंत्राला लिहून देणं, म्हणजे स्क्रिप्ट, माझ्याकडे.

'माणसं' नावाची एक फाइल आहे. माणशी एक ओळ: कोण, उंची, वजन, चाल. बाईंनी मला फरश्यांवरून चालवलं आणि माझी ओळ पडली. नवा, अठ्ठ्याहत्तर किलो. मी पोट आत घेऊन चाललो होतो, सेन्सरला फरक पडला नाही.

इथला एक कडक नियम: काहीही खोडायचं नाही. नको असलेल्या ओळीच्या आधी दोन तिरक्या रेघा मारायच्या. मग ओळ जागेवर राहते, पण यंत्र तिच्यावरून उडी मारून पुढे जातं. हे सगळेच करतात, पण इथे त्याला खास शब्द आहे, झाकणे. बाई म्हणतात की खोडलेल्याचा पश्चात्ताप होतो, झाकलेल्याचा होत नाही.

'माणसं' फाइलमध्ये एक ओळ आधीच झाकलेली आहे. // आधीचा, एकसष्ट किलो. काडीला विचारलं की माझ्याआधी कोण होतं. ती म्हणाली की कोणीच नव्हतं, मी पहिलाच, आणि त्याचा फार गर्व करू नये. बाई म्हणाल्या की चाचणीपुरती खोटी ओळ असेल.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

दालन मला ओळखायला लागलं. मी आत गेलो की डोक्यावरचा दिवा उजळतो आणि माझ्याबरोबर चालतो. दार समोर गेलं की उघडतं. घरी कुणी माझा एवढा मान ठेवत नाही, असं बायकोला फोनवर सांगितलं, तर तिने फोन टिचकीकडे दिला.

एक गंमत. सेन्सरचे कच्चे आकडे बघत होतो. दालन रिकामं. पण कोपऱ्यात एक लांब बाक आहे, त्याच्या पायांखालच्या फरश्यांवर बाकाचं वजन वजा जाता एकसष्ट किलो. बाकावर कुणी नाही, काही नाही. सेन्सर बिघडला म्हणून काडीने तो बदलला. पुन्हा एकसष्ट. दुपारी शून्य झालं आणि खिडकीजवळच्या फरशीवर एकसष्ट आलं. मग परत बाकावर.

बाई म्हणाल्या की असे भलते आकडे येतच राहतात, फाइलमध्ये उघडी ओळ नसेल ते वजन सरळ सोडून दे, म्हणजे डोक्याला ताप नाही. सोडून दिलं. एकच ओळ लागली.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज वहीत लिहिण्याजोगं बरंच आहे, कारण बोलता आलं नाही.

भिंत सरकताना माझं बोट चेमटलं. म्हणून मी स्क्रिप्टमध्ये टाकलं की एकदा बटण दाबलं की भिंत खुणेपर्यंत जाईस्तोवर दार बंद राहील आणि दिवे-पंखे मध्ये बदलणार नाहीत. बाईंनी वाहवा केली. तेवढ्यात काडीने दातांतली टाचणी काढून सांगितलं की उंची आणि वजन यांचे रकाने मी उलटे वाचतोय, आणि तीन दिवस दालन मला अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटरचा बुटका समजतंय. म्हणून दिवा माझ्या ढुंगणावर पडतो. बाई हसल्या. मोठ्याने नाही, पण हसल्या.

खरं होतं. पण एकटं गाठून सांगता आलं असतं. मला परीक्षेवर ठेवलंय हे तिला माहीत आहे. तिची नोकरी पक्की, घर इथलंच, आई डबा करून देते. त्रेचाळीस किलोची काडी आणि तोंड मात्र नव्वद किलोचं. हिला एकदा दाखवतो.

सोमवार, १७ फेब्रुवारी

शुक्रवारी गिऱ्हाईक येणार. एक गृहस्थ आहेत, म्हाताऱ्यांना ठेवून घेणारी घरं चालवतात, चाळीस खोल्या हव्या आहेत. त्यांची अडचण अशी की माणसं वाढतात आणि जागा वाढत नाही. त्यांना अशी खोली हवी जी कधी गर्दीची वाटणार नाही.

बाईंनी मला एकट्याला बोलावून काम दिलं. मोठ्या खुणेवर चार माणसं आहेत आणि भिंत मधल्यावर आली तर तिघांचीच सोय. मग चौथ्याचं काय, ते ठरवणारा नियम मी लिहायचा. त्या एवढंच म्हणाल्या, ज्याचं वजन कमी ते आधी झाकायचं.

आता वजन म्हणजे मान, महत्त्व, हे मला कळतं. ऑफिसात अमक्याचं वजन आहे म्हणतात ते. प्रत्येकाला तसा एक आकडा द्यायचा, तो विचारून ठरवायचा, असा त्यांचा हेतू. पण फाइलमध्ये वजनाचा रकाना तयारच आहे की! किलोमध्ये. मी तोच जोडून दिला. आत चार माणसं असतील तर सगळ्यात हलकं कोण असणार, ते सांगायला नकोच. पाच मिनिटांत काम झालं आणि हसू आवरेना.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

दणक्यात झालं. दालनात बाई, गृहस्थ (आल्याआल्या त्यांचीही ओळ पाडली), मी आणि काडी. भिंत मधल्या खुणेवर आली आणि काडीवरचा दिवा गेला. तिच्या समोरचा पडदा मिटला, पंखा बाकीच्यांकडे वळला. स्क्रिप्टने आपणहून फाइल उघडून तिच्या ओळीआधी दोन रेघा मारल्या. ती बिचारी समजावून सांगत होती आणि तिच्या तोंडावर अंधार. गृहस्थांनी टाळी वाजवली. नंतर ती दाराशी गेली तर दार ढिम्म. मी शेजारी जाऊन उभा राहिलो तेव्हा उघडलं. मी तिला म्हटलं की इथे वजन असावं लागतं.

तिने आधी हसून घेतलं. मग म्हणाली की झाली ना मजा, आता रेघा काढ. मी म्हटलं, सोमवारी काढतो.

शनिवार, २२ फेब्रुवारी

सुट्टीचं काम. गृहस्थांना सगळं पसंत, फक्त झाकायला फार वेळ लागतो अशी तक्रार. खरंच होतं, स्क्रिप्ट रेंगाळत होती. दिवसभर बसून धारदार केली. आता पापणी लवायच्या आत काम होतं. संध्याकाळी बाईंनी ती चिपवर चढवली. चिपवर चढलेलं पुन्हा बदलता येत नाही, 'माणसं' फाइल तेवढी उघडी राहते.

फाइल चार-पाच वेळा उघडली मी आज. काडीच्या रेघा दिसत होत्या. म्हटलं ना, सोमवारी.

रविवार, २३ फेब्रुवारी

काडीचा फोन. आवाज फार लांबून आल्यासारखा, तीनदा हॅलो म्हणावं लागलं. म्हणाली की रेघा आजच काढ, ती हात जोडते. दुकानात अर्धा तास उभी होती, कोणी काय हवं विचारलं नाही. बसमध्ये एक माणूस तिच्या मांडीवर बसायला आला. आणि आईने दुपारी दोनच ताटं वाढली, बाबांचं आणि स्वतःचं. काडी समोर बसली होती.

मी म्हटलं की भांडण झालं असेल. ती रडायला लागली. काडी रडते हे मला नवीन होतं, खोटं कशाला लिहू, बरंही वाटलं. मग लाइन गेली.

सोमवार, २४ फेब्रुवारी

काडी आली नाही. बाईंना विचारलं. त्यांनी विचारलं, कोण काडी?

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. तिचं टेबल, सोल्डरिंगची गन, टाचण्यांची डबी सगळं जागेवर. बाई म्हणाल्या की इलेक्ट्रॉनिक्स बाहेरून करून घेतात, ते टेबल पहिल्यापासून रिकामंच आहे.

कच्चे आकडे काढले. दालनातल्या बाकाखाली एकसष्ट. आणि बाकाशेजारच्या फरशीवर त्रेचाळीस.

रेघा काढल्या. पापणी लवायच्या आत परत आल्या. पुन्हा काढल्या, पुन्हा आल्या. चाळीस-पन्नास वेळा तरी केलं असेल. मग माझीच स्क्रिप्ट पहिल्या ओळीपासून वाचली. झाकायचं कसं ते मी लिहिलं आहे, उत्तम लिहिलं आहे. झाकलेलं उघडायचं कसं, ते लिहिलंच नाही. साफ राहून गेलं. आणि ते आता चिपवर आहे.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा दिला. म्हणाल्या की ज्याने झाकलं त्यालाच आठवतं, बाकीच्यांना त्रास नाही, हीच तर या खोलीची खुबी. आधीचाही माझ्यासारखाच बडबडा होता, तो त्यांच्या हातून गेला, त्यांना तो अजून आठवतो. पहिला आठवडा जड जातो, म्हणाल्या. मग सवय होते.

मग त्यांनी किल्ली पुढे केली. वरच्या खोल्यांची. माझं काम पसंत होतं.

ती मी घेतली. वहीत तरी खरं लिहितो. लगेच घेतली.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

काडीच्या घरी जाऊन आलो. पत्ता तिच्या डब्याच्या पिशवीवर होता. आईने दार उघडलं. प्रेमळ वाटली. म्हणाली की आम्हाला मूलबाळ नाही हो, झालंच नाही. आतल्या खोलीत एक पलंग होता, त्यावर जुने पेपर रचलेले. मला म्हणाली की ही खोली कशासाठी केली होती कोण जाणे.

कुणाला सांगू? जिला सांगायचं तिलाच झाकलं.

सोमवार, ३ मार्च

सकाळी काडीच्या टेबलावर तांब्याची तार. तोडून, वाकवून, सोल्डरने जोडलेली. नीट बघितलं तर अक्षरं. एकच शब्द.

सोमवार.

गन गरम होती.

बुधवार, ५ मार्च

बायकोला म्हटलं, येऊ नका. तिने तिकिटं काढली आहेत. घर सोडायचं ठरवून बसली आहे. कारण विचारलं. काय सांगू? मी म्हटलं, इथे माणसं नाहीशी होतात. ती म्हणाली की माझे विनोद ऐकायलाच तर ती येत्येय.

ठरवलं. टिचकीला दालनात पाय टाकू द्यायचा नाही. तिची ओळ पडू द्यायची नाही. थेट वर, जिन्याने. ती पंधरा किलोची आहे. पंधरा.

शुक्रवार, ७ मार्च

बाकाखाली एकशे चार. दोघं शेजारी बसतात आता. दिवसभर हलत नाहीत. काचेकडे तोंड करून बसले असावेत असं मला — सेन्सरवर पावलं माझ्या दिशेने आहेत.

उद्या अकराची बस.

शनिवार, ८ मार्च. सकाळ

स्टँडवर आहे. अकराची आली. त्यात नाहीत. फोन लागत नाही. कंडक्टर म्हणाला की नऊची जादा बस सोडली होती, बरीच माणसं तिने —

दुपार

काचेतून दिसतायत. दालनात. दोघीही. मोठ्या खुणेवर आहे भिंत. टिचकी पळतेय आणि दिवा तिच्यामागे पळतोय, ती खिदळतेय. बाईंनी दोघींना फरश्यांवर चालवलं. फाइलमध्ये दोघींच्या ओळी पडल्या आहेत. लहानी, पंधरा किलो.

आत जातो. लॅपटॉप आतच आहे. आत गेलो की चार होतील, पण भिंत मोठ्या खुणेवर आहे, चार चालतात, मी तिला उचलून बाहेर —

// या रेघा मी काढत नाही. ओळ सुरू केली की आधीच असतात.

// मी आत गेलो आणि बाईंनी बटण दाबलं. मधली खूण. दार बंद. ते दार मीच बंद केलंय. माझ्या बोटासाठी.

// ओरडलो. बायको हसली. तिला वाटलं, मी नेहमीसारखा —

// भिंत यायला बारा सेकंद लागतात. चार माणसं, तिघांची जागा. टिचकी सगळ्यात हलकी. मी फाइल उघडली आणि माझ्याच ओळीआधी दोन रेघा मारल्या. नवा, अठ्ठ्याहत्तर किलो. झाकला.

// भिंत थांबली. आतल्यांच्या उघड्या ओळी तीन. टिचकीवरचा दिवा तसाच. वाचली. वाचली माझी पोर.

// माझ्यावरचा दिवा गेला. बायकोच्या खांद्याला हात लावला. तिने खांदा झटकला, माशी बसावी तसा.

// बाकावर दोघं आहेत. आता दिसतात. एक दाढी वाढलेला माणूस. शेजारी काडी. तिने सरकून मला जागा दिली. विचारलं की सोमवार झाला का.

// मी तिच्या शेजारी बसलो.

// बाई बायकोशी बोलतायत. स्क्रिप्ट लिहायला माणूस हवा आहे म्हणतात. अजून कोणी नेमलेलाच नाही म्हणतात. बायको वरच्या खोल्यांचं विचारतेय. भाड्याने. म्हणाली की आम्ही दोघीच आहोत, आम्हाला लहान जागा पुरेल.

// लहान नको. लहान म्हणू नकोस.

// बाई म्हणाल्या, मग लहान कशी दिसते ते बघा —

// बटण. दार बंद. उघड्या ओळी तीन. दोघांची जागा.

// लॅपटॉप. कळा दाबतोय. बोटं दुखताहेत. पडद्यावर एक अक्षर उमटत नाही. मी झाकलेला आहे. माझं काहीच त्याच्या खिसगणतीत —

// बारा सेकंद. मी भिंतीला पाठ लावली. ती मला घेऊनच सरकली.

// टिचकीवरचा दिवा गेला.

// तिने वर बघितलं. मग इकडे. थेट माझ्याकडे. दीड वर्षानंतर.

// धावत आली, मांडीवर चढली. म्हणाली की बाबा, सापडलास!

// या वेळी बरोबर म्हणाली.

// कानात सांगतेय की अजिबात हलायचं नाही. आता आईवर राज्य. आई आपल्याला शोधणार.

// आई बाईंना सांगतेय की मी एकटीच आहे, मला याहूनही लहान चालेल. ही इवलीशी चप्पल कुणाची राहिली म्हणून विचारतेय, आणि ती पायाने बाजूला —